मोटर विकतची, मग रॉकेट तुमचं कसं?

मी हौस म्हणून मोठी रॉकेटं बांधतो आणि उडवतो. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. "इंजिन तर तयारच विकत आणता ना? मग त्यात तुमचं काय?" हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत हातात प्रसादाची वाटी असताना विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, पुण्याहून फोनवर मावशी विचारते. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदलतो आणि मग रात्री उशिरापर्यंत मनातल्या मनात भांडत बसतो. एकदा सगळं सांगून टाकतो.

हो, मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, विकतची असते. आणि ती तशीच असावी लागते. अमेरिकेत या छंदाच्या दोन संस्था आहेत, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली. मोठी रॉकेटं उडवायची तर त्यांच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. मोटरींना इंग्रजी अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे जोर गुणिले जळण्याचा वेळ याची, मर्यादा दुप्पट होते. पहिल्या पायरीवर एच आणि आय, दुसऱ्या पायरीवर जे, के, एल, आणि तिसरी पायरी एमपासून पुढे, म्हणजे ५१२० न्यूटन-सेकंदांच्या वर. या परीक्षेच्या उड्डाणांत घरी ओतलेलं इंधन चालत नाही. चाचणी होऊन प्रमाणित झालेलीच मोटर लागते. तेव्हा मोटर विकत आणणं हा माझा आळशीपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी नियम वाचावेत.

पण नियमाचं उत्तर हे खरं उत्तर नाही, हे मलाही कळतं.

खरं उत्तर असं की मोटर तीन-चार सेकंद जळते आणि संपते. त्यानंतर रॉकेट स्वतःच्या वेगाने वर जात राहतं, माथ्यावर पोचतं, कलतं. तिथे आतल्या अल्टिमीटरने, म्हणजे उंची मोजणाऱ्या यंत्राने, हवेच्या दाबावरून ओळखायचं की आता उतार सुरू झाला. मग त्याने काळ्या दारूची चिमूटभर पूड पेटवायची, नळीचे दोन भाग सुटायचे, लहान पॅराशूट बाहेर यायचं. त्याच्या आधाराने वेगात खाली येत येत जमिनीपासून सातशे-आठशे फुटांवर दुसरा बार आणि मोठं पॅराशूट. हे सगळं जमलं नाही तर दहा-बारा किलोची वस्तू नाकावर खाली येते आणि मैदानात माणसं उभी असतात. त्या तीन-चार सेकंदांच्या आधीचं आणि नंतरचं सगळं माझं. फिन, म्हणजे शेपटीकडचे पंख, किती मोठे, कुठे, कसे चिकटवले. वस्तुमानाचा मध्य दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे निदान एका व्यासाएवढा राहतो का. दाब मोजायची भोकं कुठे पाडली. शिअर पिन, म्हणजे नळीचे भाग धरून ठेवणाऱ्या आणि बार झाला की तुटणाऱ्या पिना, किती. दाबकेंद्र काढायची रीत नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात छंदवाल्यांच्या हातात दिली. आज ओपनरॉकेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते गणित क्षणात करून देतं. पण पडद्यावरचा फिन कधीच मोडत नाही.

नळीसुद्धा मी स्वतः वळतो. अॅल्युमिनियमच्या पाइपावर आधी मायलरचा पातळ कागद गुंडाळायचा, त्यावर फायबरग्लासचं कापड, ताण सारखा ठेवत, ब्रशने इपॉक्सी मुरवत. इपॉक्सी आणि हार्डनर तराजूवर तोलून घ्यायचं, अंदाजाने नाही. कापड पांढरं दिसतंय तोवर ते कोरडं आहे. पूर्ण भिजलं की आरपार दिसायला लागतं, आणि तेव्हा खालचा प्रत्येक बुडबुडा नजरेस पडतो. बोटाने तो कडेपर्यंत ढकलत न्यायचा. सर्वांत अवघड काम नळी पाइपावरून सोडवण्याचं. पहिल्यांदा ती निघेचना. मग क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने सांगितलं, रात्री थंडीत बाहेर ठेव. अॅल्युमिनियम फायबरग्लासपेक्षा जास्त आकसतं. पहाटे हातमोजे घालून पिळलं तर नळी सरकन निघून आली. हे किटात, म्हणजे तयार सुट्या भागांच्या खोक्यात, मिळत नाही.

किटवाल्यांना मी एके काळी कमी लेखायचो. हे आज लिहायला जड जातंय, पण तेव्हाचा मी असाच बोलायचो: किट म्हणजे दुसऱ्याने विचार केलेलं रॉकेट, तुम्ही फक्त चिकटवता. आता तोच मी मोटरच्या बाबतीत हेच वाक्य ऐकतो आणि रागावतो. तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, अल्टिमीटर कुठून आणलास? पॅराशूटचं कापड तू विणलंस? रेषा कुठे ओढायची हे त्याला ठाऊक होतं, निदान तो तसं समजत होता. मला ठाऊक नाही.

आता त्या दिवसाबद्दल.

माझं तिसऱ्या पायरीचं उड्डाण नेवाडातल्या ब्लॅक रॉकवर होतं. बे एरियातून रीनो, तिथून गर्लाक हे शेवटचं गाव, आणि पुढे कोरड्या तळ्याचा पांढरा तळ, नजर पोचेल तिथवर सपाट. मे २००४मध्ये हौशी मंडळींचं रॉकेट पहिल्यांदा अवकाशाच्या सीमेपलीकडे गेलं ते इथूनच. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. आयुष्यभर फिटर म्हणून नोकरी केलेला माणूस. त्यांना घरी बसवून जाणं शक्यच नव्हतं. माझं रॉकेट चार इंच व्यासाचं, माझ्या उंचीच्या दीडपटीहून जास्त लांब, दोन स्वतंत्र अल्टिमीटर, प्रत्येकाची बॅटरी वेगळी. आराखडा संस्थेच्या दोन तपासनिसांनी आधी पास केलेला. मोटर जुळवताना त्यांतला एक शेजारी बसून पाहत होता: लायनर या आतल्या अस्तरात इंधनाचे ग्रेन, म्हणजे ठोकळे, ओ-रिंगला ग्रीस, पुढचं झाकण, मागचं नॉझल. अंदाज होता चौदा हजार फुटांचा.

मोजणी झाली, पेटलं, रेलवरून सरळ सुटलं. आवाज छातीत येतो, तो आला. आणि सुमारे दीड सेकंदाने, रॉकेट डोळ्यांत भरायच्या आत, मधोमध एक पांढरा ढग फुटला. आवाज मागाहून आला. मोटरचं पुढचं झाकण उडालं होतं आणि जी ज्वाळा मागे जायची ती पुढे गेली. फिनचा भाग एकीकडे गरगरत गेला. अल्टिमीटरने काही ठरवायच्या आधीच धक्क्याने शिअर पिन तुटल्या, मोठं पॅराशूट भलत्या वेगात बाहेर आलं, त्याच्या दोन दोऱ्या तटातट तुटल्या. उरलेल्या दोऱ्यांवर वरचा अर्धा भाग, नोजकोन आणि अल्टिमीटरचा डबा, झोके खात खाली आला. कुणालाही काही लागलं नाही. माइकवर उड्डाण अयशस्वी म्हणून सांगितलं आणि पुढच्या रॉकेटची तयारी सुरू झाली. मैदानाचं कामकाज थांबत नाही, थांबूही नये.

बाबा शांतपणे म्हणाले, "मोटर त्यांची फुटली. तुझं काय गेलं?"

त्यांना दिलासा द्यायचा होता. मला ते कळत होतं, आणि तरी त्या वाक्याइतकं मला त्या दिवशी काहीच लागलं नाही. अख्ख्या हिवाळ्याच्या संध्याकाळी, रात्री बाहेर ठेवलेली नळी, तीनदा घासून तीनदा भरलेले फिलेट, म्हणजे फिनच्या सांध्यातले इपॉक्सीचे भराव, हे सगळं माझं गेलं होतं, आणि ज्याने ते नेलं त्यात माझा हात नव्हता. चूक माझी असती तर मला बरं वाटलं असतं, असं मी तेव्हा म्हणालो. आज विचार करतो तर ते खरं वाटत नाही.

ती सरकारी जमीन आहे, तिथे कचरा सोडायचा नाही. म्हणून आम्ही दोघं पिशवी घेऊन तुकडे वेचत फिरलो. वरचा भाग सापडला तेव्हा एक अल्टिमीटर अजून बीप-बीप करून गाठलेली उंची सांगत होता, हजार फुटांच्या जरा वर. मग बाबांना फिनचा भाग सापडला. एक फिन मधोमध मोडला होता. त्यांनी मोडलेल्या जागेकडे पाहिलंच नाही. फिन नळीला जिथे चिकटतो त्या सांध्यावरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं, उलट करून दुसरीकडून फिरवलं आणि म्हणाले, "सांधा सुटला नाही. पत्रा मोडलाय." कारखान्यात मोडकं सुटं काम आलं तर ते असंच बघत असणार. मी तो भाग फेकलेला नाही. पण एका न सुटलेल्या सांध्याने रॉकेट होत नाही, आणि तिसरी पायरीही मिळत नाही. मिळाली नाहीच.

मोटरवाल्यांनी फोटो मागवले, एखाद्या ग्रेनमध्ये भेग असावी असं कळवलं. भेग असली की जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो, आणि दाब मोटरच्या बाहेरच्या कवचाला, म्हणजे केसला, सोसवेनासा झाला की फुटतं. नवी केस आणि नवं इंधन त्यांनी पाठवून दिलं, वाद न घालता. माझी त्यांच्यावर तक्रार नाही. पण बाबांचा प्रश्न त्या खोक्यात बसत नव्हता.

मी खूप दिवस त्यांना एक उत्तर ऐकवत होतो. २१ नोव्हेंबर १९६३ला थुंब्याहून आपलं पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकन नाइकी-अपाची होतं. आपल्या बनावटीचं रोहिणी आलं १९६७मध्ये. त्या पहिल्या उड्डाणाला "त्यात आपलं काय" असं कुणी म्हणतं का? बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नंतर त्यांनी स्वतःचं केलं ना?" तिथे माझं बोलणं थांबलं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं घन इंधन माझ्या मोटरीतल्या इंधनाच्याच कुळातलं आहे: अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची भुकटी, रबरासारखा बांधणारा पदार्थ. ते ओतणारी हौशी माणसंही आहेत. ट्रिपोलीत दुसरी पायरी चढलेल्याला त्याची वाट खुली आहे, आणि ब्लॅक रॉकवर अशी रॉकेटं उडतात. मी एकदा अशा मिश्रणाच्या दिवशी शेजारी उभा राहिलो आहे. घट्ट करडं पीठ, खाली निर्वात पंप, हवा निघेस्तोवर वाट पाहणं, कारण आत राहिलेला बुडबुडा म्हणजे पुन्हा तीच जास्तीची जळती जागा. काम मला ओळखीचं वाटलं. बुडबुडे मी नळीवरही ढकलतच असतो.

पण गॅरेजमध्ये मुलांच्या सायकली असतात. बायकोने विरोध केलेला नाही, तिने फक्त "कुठे ठेवणार?" असं विचारलंय, आणि त्याला माझ्याकडे जागा नाही. शिवाय मनात हेही येतं की उद्या मोटर माझी झाली, तर तुम्ही विचाराल, परक्लोरेट कुठून आणलंत?

नवा आराखडा दोन्ही तपासनिसांकडे गेला आहे. व्यास तोच, फिनची जाडी वाढवली आहे, अल्टिमीटरचा डबा मोटरपासून आणखी दूर नेला आहे आणि मध्ये एक जाड प्लायवूडची आडवी चकती घातली आहे. एकाने विचारलं, ती चकती नळीला कशी धरणार? त्याला मी रेखाटनांसकट चार पानं पाठवली. दुसऱ्याने विचारलंय, मोटर कुठली? त्याला अजून काहीच कळवलेलं नाही.