ठाणे ते केळवे: गायमुखला दगा दिलेला वॉटर पंप

"साहेब, उन्हाळा आहे, कुलंट थोडं उडणारच. वरून पाणी टाकत राहा." महिनाभरापूर्वी माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने हे सांगितलं आणि मी ते ऐकलं. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर तिथून तसेच उठा. कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बंद पाइपांमध्ये फिरतं. टाकीतली पातळी दर आठवड्याला बोटभर उतरत असेल, तर ते कुठूनतरी गळतंयच.

मेमधल्या शनिवारी सकाळी साडेसहाला ठाण्यातल्या पाचपाखाडीहून केळव्याच्या समुद्रावर जायला निघालो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ८७,००० किलोमीटर झालेली. सोबत बायको, मुलगी आणि आई. माजिवडा, मानपाडा, वाघबीळ पटापट मागे पडलं. गायमुखच्या चढावर कंटेनर बंद पडला होता. घोडबंदर रोडने जाणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पहिला गिअर, दोन हात पुढे, ब्रेक. वीस मिनिटांत इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरून वर सरकला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर फुल केला. इंजिनची उष्णता बाहेर काढायचा हा उपाय एरवी लागू पडतो. त्या दिवशी आत साधी हवा आली, गरम नाहीच.

तिथेच ओळखायला हवं होतं. इंजिन तापलंय आणि हीटर थंड, म्हणजे कुलंट तरी संपलंय किंवा पंप ते फिरवत नाहीये. मी आणखी दोनशे मीटर गाडी रेटली. चूक केली. काटा लाल पट्टीला टेकायच्या आत बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, मागचे कितीही हॉर्न मारोत. पंपाचं काम काही हजारांत होतं. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तापून वाकला की इंजिनच उघडावं लागतं.

बॉनेट उघडल्यावर कुलंटचा गोडसर वास आला. बेल्टच्या बाजूने टपटप गळत होतं. एका टेम्पोवाल्याने इंजिनवर गार पाणी ओतायला सांगितलं. ते अजिबात करू नका, तापलेल्या धातूला तडा जातो. रेडिएटरच्या झाकणालाही तासभर हात लावू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर उडतं.

मग क्रेनवाला आला. कासारवडवलीपर्यंत मागे न्यायचे साडेपाच हजार. चार-पाच किलोमीटरचे! आई उन्हात उभी, दोन्ही बाजूंना ट्रक, हे बघूनच त्याने भाव लावला. घासाघीस करून साडेतीन हजार दिले. ही सरळ लूट आहे आणि त्या घाटात ती रोज चालत असणार. माझ्या विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम होतं, हे मला रात्री आठवलं. तो नंबर आजच मोबाइलमध्ये घाला.

कासारवडवलीला पहिला मेकॅनिक म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून डायरेक्ट करतो, गाडी कधी गरम होणार नाही." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच कुलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप; ती काढणं हा इलाज नाही. वर त्याने नवीन रेडिएटरही सांगितला. मी गाडी ढकलून शेजारच्या म्हाताऱ्या फिटरकाकांकडे नेली. त्यांनी टॉर्च धरून पंपाच्या अंगावरचं छोटं भोक दाखवलं. त्याच्याखाली पांढरट-गुलाबी खपली साचली होती. आतलं सील गेलं की कुलंट या भोकातून बाहेर येतं. बेल्ट सैल करून त्यांनी पुली हलवली, तर ती डुगडुगत होती, म्हणजे बेअरिंगही गेलेलं. घरून निघण्याआधी टॉर्च मारून एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

पंप बाहेर आला तेव्हा पाती गंजून कडेला ब्लेडसारखी पातळ झाली होती. माझ्या गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने मी बोअरचं पाणी भरत आलो होतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, याशिवाय काहीही टाकू नका. वेगवेगळ्या जातीची कुलंटही एकत्र करू नका. रंग जुळतो म्हणून चालेल असं नसतं.

काकांनी जुन्या गास्केटचे, म्हणजे जोडातून गळू न देणाऱ्या पातळ पट्टीचे, तुकडे खरवडून बसायची जागा पुसली, नवीन गास्केट लावलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळले. कुलंट हळूहळू ओतलं आणि हीटर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालवलं. हवा अडकून राहिली तर नव्या पंपालाही गाडी तापते. कंपनीचा पंप, कुलंट, मजुरी मिळून ४,८०० रुपये. क्रेनच्या साडेतीन हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर, फिरतो. तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलाच. खोलायचं काम तेच असतं, आणि पंप जाम होऊन बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

चार वाजता पुन्हा निघालो. फाउंटन हॉटेलचा नाका, मग हायवेने मनोर, पालघर करत अंधार पडता पडता केळव्याला पोचलो. समुद्र, शितळादेवी, जेवण, सगळं छान.

सोमवारी पहाटे परतताना गायमुखचा चढ मोकळा होता. मी रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होतो. तो अर्ध्यावरून हलला नाही. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोरडा होता.