चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला नाव मिळेपर्यंत

नवी प्रजाती रानात सापडते, असं मलाही वाटायचं. मला ती सापडली सूक्ष्मदर्शकाखाली, भुंगेरे गोळा करून आणल्याला दीड वर्ष उलटल्यावर.

ओढ्याकाठचं ओलं शेवाळ आणि पालापाचोळा चाळून मी पांढऱ्या कापडावर पसरला होता. त्यातून मोठ्या डोळ्यांचे काही काळे रोव्ह बीटल निघाले, स्टेनस या वंशातले. या कुळातल्या भुंगेऱ्यांची पंखकवचं आखूड असतात, पोट उघडं पडलेलं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा भुंगेरा वाटतच नाही. त्यातला एक निसटून पाण्यावर पडला आणि पाय न हलवता सरसर काठाला लागला. पोटाच्या टोकातून तो असा स्राव सोडतो की मागच्या पाण्याचा पृष्ठताण घटतो आणि पुढचं पाणी त्याला ओढून नेतं. हे वाचलेलं होतं, पण समोर घडताना बघून मी हातातलं काम विसरलो.

रोव्ह बीटलच्या कुळात 60 हजारांहून अधिक प्रजातींना नावं मिळालेली आहेत. एकट्या स्टेनसमध्ये 3 हजारांच्या वर. बाहेरून कित्येक प्रजाती हुबेहूब सारख्या दिसतात. फरक कळतो तो नराच्या जननेंद्रियावरून, म्हणजे एडीगसवरून. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक सुयांनी पोटाच्या टोकातून एडीगस बाहेर काढायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्याला चिकटलेल्या ऊती विरघळू द्यायच्या आणि ग्लिसरीनच्या थेंबात ते फिरवून फिरवून बघायचं. पहिल्या नराच्या वेळी माझा हात थरथरला आणि एडीगसचं टोक तुटलं. तो दिवस फार वाईट गेला. माझ्याकडे असे सहाच नर होते.

दुसऱ्याचं नीट निघालं. टोक पुढे रुंद होत गेलेलं, मधोमध खाच. कुठल्याच चित्राशी ते जुळेना.

तरीही ‘नवीन’ म्हणता येत नव्हतं. जवळच्या एका प्रजातीचं जुनं वर्णन जेमतेम काही ओळींचं होतं, सोबत चित्र नाही. अशा वेळी शब्दांवर विसंबता येत नाही. ज्या नमुन्यावर ते नाव उभं आहे तो मूळ नमुनाच बघावा लागतो. संग्रहालयाकडून त्याच्या एडीगसचे फोटो यायला कित्येक महिने लागले. ते वाट बघणं मला सगळ्यात जड गेलं, पण ते टाळून लिहिलेलं वर्णन पुढच्या अभ्यासकाच्या गळ्यात धोंडा होतं, असं माझं ठाम मत आहे. फोटोतलं टोक गोल होतं, खाच नव्हती. डार्विनने 1832 मध्ये अर्जेंटिनात पकडलेल्या एका रोव्ह बीटलला नाव मिळायला 2014 उजाडलं होतं, ते तेव्हा आठवलं.

लिखाण त्या मानाने लवकर झालं. मोजमापं, रेखाचित्रं, सर्वांत जवळच्या प्रजातीपासूनचा नेमका फरक, होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नवं नाव उभं राहतं तो, कुठे ठेवला त्याची नोंद. शोधनिबंध फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार होता, म्हणून आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदणी करून तसा उल्लेख त्यात देणं भाग होतं. नावासाठी लॅटिन विशेषण निवडलं. स्टेनस पुल्लिंगी असल्याने विशेषणाचं रूपही पुल्लिंगी हवं होतं. मी ते चुकवलं होतं, परीक्षकांनी दुरुस्त केलं.

त्यांचा दुसरा आक्षेप मला आधी पटला नाही. नरांसोबत मिळालेल्या दोन माद्याही मी पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपखेरीज वर्णनात धरलेले त्याच प्रजातीचे नमुने, म्हणून धरल्या होत्या. पण त्याच शेवाळात या नव्या प्रजातीची जुळी वाटावी अशी दुसरी प्रजातीही राहते आणि माद्यांवरून दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. पुन्हा आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलो. माद्यांमध्ये खात्रीचा फरक मिळाला नाही.

होलोटाइपच्या टाचणीला लाल चिठ्ठी लावली, उरलेल्या नरांना पॅराटाइपच्या चिठ्ठ्या. दोन्ही माद्या वेगळ्या डबीत आहेत, फक्त वंशाच्या नावाने.