परत आलेली तूरडाळ

दुष्काळ म्हटला की आमच्या चर्चच्या मंडळीत मदत म्हणून गव्हाची पोती येऊन पडतात. देणाऱ्यांची भावना चांगली असते, पण गहू ही अडचणच नसते. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर घराला 35 किलो, आणि 2023 पासून तेही फुकट. मजुरी थांबली की घरातून आधी जातात डाळ आणि तेल. म्हणून वाटायच्या किटमध्ये धान्य घालत नाही. पंच कमिटीला हे दर वेळी नव्यानं पटवावं लागतं.

एप्रिल 2024 मध्ये पुरंदरच्या एका वस्तीसाठी 90 किट भरले. आदल्या ऑक्टोबरअखेर सरकारनं दुष्काळी जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत पुरंदर होताच. तूरडाळ 3 किलो, तेल 2 लिटर, गूळ, शेंगदाणे, मीठ एकेक किलो. एकूण पावणेआठ किलो. त्याहून जड पिशवी म्हातारं माणूस घरापर्यंत नेऊ शकत नाही, आणि वस्तीवर बहुतेक म्हातारीच माणसं उरलेली असतात. बाकीचे ऊसतोडीला किंवा पुण्यात बांधकामावर. तेलाच्या पिशव्या वेगळ्या कॅरीबॅगेत, गाठ मारून, सगळ्यात वर. खाली गेल्या तर दिवे घाटात एखादी फुटतेच आणि डाळ, गूळ, मीठ सगळं तेलकट. नव्वद किट म्हणजे सातशे किलो, छोट्या हत्तीची एक खेप. महिला मंडळानं दोन तासांत भरलं. तरुण संघ फोटोला वेळेवर आला.

वाटप सुरळीत झालं. यादी रेशनकार्डावरून, अंगठा, पिशवी, पुढचा. गाडी वळवत होतो तेवढ्यात एक आजी डाळीचं पाकीट घेऊन परत आल्या.

"दादा, ही घेऊन जा. हितल्या पाण्यात तूर शिजत न्हाई. सरपण जळतं नुसतं. मुगाची असंल तर द्या."

डाळ जुनी असेल, असं आधी वाटलं. मार्केट यार्डातून आणताना दाणा दाताखाली फोडून बघितला होता, माल चांगला होता. मग हापशावर हात धुतले. साबणाला फेसच येईना. तेव्हा उलगडलं. पाऊस नाही, विहिरी आटलेल्या, बोअर खोल गेलेली. खालचं पाणी क्षाराचं. त्यातलं कॅल्शियम डाळीचा दाणा बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून तूर तासभर उकळली तरी टणक राहते. कुकर असेल तर निभतं. चिमूटभर खायचा सोडा घालून रात्रभर भिजवली तरी फरक पडतो. पण चुलीवर, विकतच्या सरपणावर, तीन किलो तूर म्हणजे घरात नवा खर्च. मूग आणि मसूर लवकर शिजतात, पाणीही कमी पितात.

किटचा हिशोब प्रथिनांवर झाला, भावावर झाला, पोत्यातून किती पाकिटं निघतात यावर झाला. 50 किलोच्या पोत्यातून तीन किलोची 16 पाकिटं निघून दोन किलो उरते, तेही वहीत आहे. पाणी कसलं आहे, हा रकाना त्या वहीत नव्हता. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या वेळी मसूर घेऊ. आता वस्तीवर आधी जाणाऱ्याला साबणाची वडी न्यायला सांगितलंय.

आजींना मूग देता आला नाही, गाडीत नव्हता. गुळाची एक जादा ढेप दिली. बाकीच्या 89 घरांनी तूर घेतली, कुणी काही बोललं नाही. ती शिजली का, हे मी अजून विचारलेलं नाही.