मिशनच्या शाळेत मुलांना माया कशी लावता? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चचे लोक विचारतात, "बाई, एवढी लेकरं तुमच्या हाताखाली. त्यांना प्रभूची प्रीती कशी दाखवता?" आणि एसटीत, लग्नात, बाजारात भेटणारे विचारतात, "मिशनवाले मुलांना एवढी माया लावतात, ती कशासाठी?" पहिल्यांना माझ्याकडून साक्ष हवी असते, दुसऱ्यांना कबुली. आजवर दोघांनाही काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली. आता लिहूनच टाकते.

आमची शाळा मराठी माध्यमाची, नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडची. वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पुष्कळ. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत आईबाप फडात. मूल मागे राहिलंच तर आजीकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. तेही जमलं नाही तर तेसुद्धा आईबापांबरोबर जातं आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत दिसतं.

त्यामुळे माया म्हणजे मला आधी यादी दिसते. कोण जाणार, कोणाची आजी धडधाकट आहे, वसतिगृहासाठी कोणाचं नाव वेळेत द्यायला हवं. मार्चमध्ये परत आलेल्या पोराला सगळ्या वर्गापुढे "इतके दिवस कुठे होतास?" असं विचारायचं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. सोमवारी खिचडी जास्त लागते, हे आमच्या स्वयंपाकीणबाईंनी माझ्या आधी ओळखलं होतं. शनिवार-रविवार घरी काय शिजलं असेल, ते त्या पातेल्यावरून कळतं. वह्या तपासताना अक्षर एकदम बिघडलेलं दिसलं, तर शेरा मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलावायचं.

यावर मंडळीतल्या एका काकूंनी मला सरळ विचारलं होतं, "हे तर कोणीही करील. यात ख्रिस्ती काय?" कोणीही करील, खरंच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी मैत्रीण माझ्यापेक्षा जास्त करते आणि ती दर एकादशीला उपास धरते. मला हे करण्याचं बळ ख्रिस्ताकडून मिळतं. पण ते कुठून मिळतं हे मुलाला कळलंच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. निदान नव्हता.

आठवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. तो आता कमावता आहे. लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लिहा, नाव नका टाकू."

आईवडील कर्नाटकात उसाला गेले होते आणि हा आजीजवळ होता. जानेवारीत यायचा बंद झाला, म्हणून मी घरी गेले. आजीला दम लागत होता. शेळ्या, पाणी, चूल सगळं हाच बघत होता. मी ओट्यावर टेकले, तर आजीने पहिलंच विचारलं, "बाई, पोराकून काय पायजे तुमाला? तुमच्यात न्यायचाय का त्याला?" मी म्हटलं, "नाही आजी, शाळेत न्यायचाय." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शिकवा. पन आमचा देव आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. शबुद द्या." मी शब्द दिला.

मुख्याध्यापकांशी बोलून त्याला उशिरा येण्याची मुभा मिळवली. शेळ्या सोडून तो मधल्या सुट्टीच्या सुमाराला यायचा आणि सुट्टीत मी त्याचं गणित घ्यायचे. याच दिवसांत मंडळीच्या प्रार्थना सभेत मी "एका विद्यार्थ्याच्या आजीसाठी प्रार्थना करा" अशी विनंती केली. लगेच नाव विचारलं गेलं, गाव विचारलं गेलं, घरची परिस्थिती विचारली गेली. मी सांगितलं नाही. काहीजणांना ते लागलं. पण त्या पोराचं दुःख त्याच्या अपरोक्ष सभेत मांडायचं आणि उद्या कोणीतरी बाजारात त्याला "तूच का तो?" म्हणून थांबवायचं, हे मला आजही मान्य नाही. मुलांची माहिती जपणं हा मायेचाच भाग आहे, आणि आपण ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या नावाखाली तो सहज विसरतो. हे मी मंडळीतही बोलले आहे.

फेब्रुवारीत आजीला सरकारी दवाखान्यात हलवलं. मी संध्याकाळी गेले. ऑक्सिजन लावलेला होता, आजी ग्लानीत होती. आईवडिलांचा फोन लागत नव्हता. पोरगं खाटेच्या पायाशी बसलं होतं. मला बघून उठलं आणि म्हणालं, "बाई, शाळेत डोळे मिटून म्हणता तशी इथं म्हणा ना. आजीसाठी."

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "मी घरी जाऊन करीन."

शेजारच्या खाटांभोवती त्याच्याच गावचे नातेवाईक होते, ते आमच्याकडे बघत होते. आजीला दिलेला शब्द माझ्या कानात होता. राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलमही मला पाठ आहे: अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ते शाळेपुरतं आहे, दवाखान्यापुरतं नाही, हेही मला तेव्हा ठाऊक होतं.

पहाटे आजी गेली. आईवडील पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी दहाव्याला गेले, घाटावर बायकांत बसले. त्यावरूनही मंडळीत कुजबुज झाली. ती मी मनाला लावून घेतली नाही.

मनाला लागलं ते वेगळंच. दहावीचा निकाल घेऊन तो घरी आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "बाई, तुम्ही त्या रात्री प्रार्थना केली होती ना?"

"केली होती."

"मग मला ऐकू येईल अशी का नाही केली?"

डी.एड. करून नुकतीच लागलेली मी असते, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिथेच प्रार्थना केली असती. त्या वेळची ती मुलगी मला म्हणते, तू शब्दासाठी गप्प बसली नाहीस, तू लोकांना घाबरलीस. मी तिला म्हणते, घाबरले हे खरं, पण शब्दही खरा होता. आजीने ज्या एका गोष्टीला नाही म्हटलं होतं, ती तिची शुद्ध हरपल्यावर तिच्याच उशाशी कशी करू? ती म्हणते, मागितली आजीने नव्हती, पोराने मागितली होती. इथे माझ्याकडे उत्तर नसतं.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवा मुलींसाठी निवासी शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. मुलींना धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. शाळेत हा इतिहास वाचला तेव्हा मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूने होते. आता काढून नेलेल्या मुलींचाही विचार येतो. त्यांचं शिक्षण तिथेच थांबलं असेल का? आणि त्या रात्री मी दार लावून घेतलं, त्याने त्या पोराचं काय राखलं?

म्हणून "कशासाठी?" असं विचारणाऱ्यांना सांगते: धर्मात ओढण्यासाठी नाही, आणि हे तुम्हाला पटवून देण्याचा मला आता कंटाळा आला आहे. मंडळीतल्या माझ्या माणसांना सांगते: किती मुलं प्रभूकडे आली, हे मला विचारू नका. मी ते मोजत नाही.

यंदा सहावीतल्या एका मुलीने तशीच प्रार्थना मागितलीय, आईच्या ऑपरेशनसाठी. तिचे वडील रविवारी फडावरून येणार आहेत. मी त्यांना भेटायला जाणार आहे आणि मुलीसमोरच विचारणार आहे. ते नाही म्हणाले, तर मुलीला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.