कारखान्याच्या आधी शाळा : मोंद्रागोनची भेट

आपल्याकडे सहकाराचा विषय निघाला की कुणीतरी मोंद्रागोनचं नाव घेतंच, आणि ते बहुतेक वेळा आकड्यांसाठी. स्पेनच्या बास्क प्रदेशातलं डोंगरांत अडकलेलं एक छोटं गाव, त्यातून उभ्या राहिलेल्या 80 च्या आसपास सहकारी संस्था, 70 हजारांच्या घरात कामगार, स्वतःची बँक, स्वतःचं विद्यापीठ. मी उसाच्या पट्ट्यातली. सभासदांची साखर, वार्षिक सभेतला गोंधळ, पॅनेलच्या गाड्या हे सगळं बघत वाढले. त्यामुळे हे गाव बघायचंच होतं.

बिल्बाओहून तिथे रेल्वे जात नाही. बस तासाभरात पोचवते. बिल्बाओतले दिवस चांगले गेले, पण त्यांबद्दल इथे लिहीत नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम गावाजवळच्या ओतालोरा या केंद्रात असतो. जुना दगडी वाडा, सुंदर जागा. तिथे आधी फिल्म, मग स्लाइड, मग प्रश्नोत्तरं. आमच्यासोबत आणखी दोन देशांची शिष्टमंडळं होती आणि प्रत्येकाला फोटो हवे होते. सगळं नेटकं, नम्र, आणि माझ्या मते अगदीच अपुरं. पगारातला फरक साधारण एकास सहापर्यंतच ठेवतात, एका सभासदाला एकच मत असतं, ही माहिती घरबसल्याही मिळते. त्यात दुपारी दीडनंतर गावातली दुकानं बंद. मांस न खाणाऱ्याला बारमध्ये बटाट्याचं ऑम्लेट आणि इदियाझाबाल चीज एवढंच सुरक्षित. चीज मात्र उत्तम, मेंढीच्या दुधाचं.

खरं मोंद्रागोन दिसलं ते दुपारी. एक निवृत्त सभासद काका आम्हाला गावातून फिरवायला आले. बारीक पाऊस पडत होता, इथे तो दिवसभर पडतो आणि कुणी छत्रीही उघडत नाही. काकांनी कारखाना दाखवायच्या आधी शाळेची गोष्ट सांगितली.

1941 मध्ये होसे मारिया अरिझमेंदिअरिएता नावाचे पंचविशीतले पाद्री या गावात आले. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, हरलेल्या बाजूचं गाव, बेकारी, क्षयरोग. पाद्री लहानपणीच एका डोळ्याने अधू झालेले, युद्धाच्या काळात तुरुंगात राहून आलेले. प्रवचन इतकं रटाळ करायचे म्हणे की लोक कंटाळायचे. पण पोरांशी त्यांचं जमलं. आधी फुटबॉलचं मैदान, खेळांचं मंडळ, मग अभ्यासमंडळं. गावात कुलपं बनवणारा मोठा कारखाना होता, त्याची उमेदवारांसाठी शाळाही होती, पण तिथे प्रवेश मोजक्याच मुलांना आणि तीही कामगारांचीच. पाद्रींनी ती सगळ्यांना खुली करा म्हणून विनवलं. नकार आला. मग रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवल्या, शाळेसाठी कोण पैसे देईल, कोण वेळ देईल ते चिठ्ठीवर लिहून टाका म्हणून. 600 च्या आसपास चिठ्ठ्या आल्या. 1943 मध्ये 20 मुलांची तंत्रशाळा सुरू झाली.

त्यातल्या 11 जणांनी पुढे दिवसा नोकरी आणि नंतर अभ्यास करत, झारागोझा विद्यापीठात बाहेरून परीक्षा देऊन 1952 मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांतल्या पाच जणांनी नोकरी सोडली आणि गावातल्या लोकांकडून पैसे गोळा करून 1956 मध्ये रॉकेलचे स्टोव्ह बनवणारी उल्गोर ही संस्था काढली. पाचांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून ते नाव केलं. शाळा आणि कारखाना यांत 13 वर्षांचं अंतर. तेरा वर्षं या माणसाने फक्त मुलं घडवली, आणि पुढे कोणत्याही संस्थेत स्वतःसाठी पद घेतलं नाही. काका हे सांगत होते आणि माझ्या डोक्यात आपली प्रवरा येत होती. तिथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमाराला कारखाना उभा केला, शिक्षण संस्था 1964 मध्ये आली. त्या काळात, त्या दुष्काळी मुलखात, तेही अचाटच काम होतं. पण क्रम वेगळा होता, आणि त्या क्रमाचा परिणाम मला दुसऱ्या दिवशी ओन्यातीत कळला.

ओन्याती शेजारचं गाव. मोंद्रागोन विद्यापीठाची व्यवसाय शाखा तिथे आहे आणि 2009 पासून उद्योजकतेचा एक पदवी अभ्यासक्रम चालतो. त्यात मुलं पहिल्याच वर्षी गट करून खरी कंपनी काढतात, खरा माल विकतात आणि त्या कमाईतून अभ्यासदौऱ्यांचा खर्च भागवायचा प्रयत्न करतात. पद्धत मूळ फिनलंडच्या युवास्कुलातली. आधी मेल करून परवानगी घेतली होती, म्हणून आत बसू दिलं.

खोलीत बाकं नव्हती. गोल मांडलेल्या खुर्च्या, एकोणीस-वीस वर्षांची पंधरा-सोळा मुलं, आणि त्यांच्यातच बसलेली एक मार्गदर्शक बाई. शेजारची मुलगी मला हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती. गटाने गावच्या जत्रेसाठी परत वापरता येणारे प्लास्टिकचे ग्लास भाड्याने दिले होते, ग्लासमागे एक युरो अनामत. ग्लास परत आले, पण धुण्याचा खर्च कुणी धरलाच नव्हता. तीन रात्री मुलं हाताने ग्लास धूत बसली आणि शेवटी हिशोब तोट्यात गेला. हिशोब ठेवणारा मुलगा कागद वाचत होता, त्याचे कान लाल झाले होते.

मी वाट बघत होते, आता बाई बोलतील. बाई बोलल्या नाहीत. एका मुलीने विचारलं, भाव कुणी ठरवला? दुसरा म्हणाला, आपण सगळ्यांनी, हात वर करून. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडच्या कुठल्याही वर्गात त्या शांततेत मास्तरांनी फळ्यावर नफा-तोट्याचं गणित मांडलं असतं. बाईंनी शेवटी एवढंच विचारलं, पुढच्या महिन्यातली ऑर्डर घेणार की सोडणार? त्यानंतरचा पाऊण तास मुलं भांडली, एका जेवणघराच्या मोठ्या डिशवॉशरचं तासाचं भाडं फोन करून विचारलं, नवा भाव काढला आणि मत घेतलं. नवा भाव दोन मतांनी मंजूर झाला. विरोधात मत दिलेल्या मुलीनेच डिशवॉशरची जबाबदारी घेतली. मला भरून आलं. सभेत हरलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला कामाला लागतो, हे मी आमच्याकडच्या एकाही सभेत पाहिलेलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं. महाराष्ट्रातले साखर कारखाने सहकारी आहेत हे मी सांगितलं होतं. त्या हिशोबवाल्या मुलाने विचारलं, तुमच्याकडे माझ्या वयाचे सभासद किती असतात?

मी सांगितलं ते असं. ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर नावावर जमीन लागते. जमीन वडिलांच्या नावावर असते, म्हणून शेअरही वडिलांच्या नावावर. वडील गेले की वारसाची नोंद होते, तोवर मुलगा चाळिशीत पोचतो. मुलीचा तर बहुतेक घरांत हक्कसोड होतो, मग शेअरचा प्रश्नच येत नाही. मी अठराव्या वर्षी देशाच्या निवडणुकीत मत दिलं. ज्या कारखान्याच्या बिलावर आमचं घर चाललं, तिथे मला आजही मत नाही.

मोंद्रागोनमध्ये सभासदत्व श्रमाचं असतं. रुजू होताना पंधरा-सोळा हजार युरो भागभांडवल भरायचं, तेही पगारातून काही वर्षांत कापून घेतात. निवृत्त होताना ते घेऊन जायचं, मुलाला जागा वारशाने मिळत नाही. म्हणून यांना दर पिढीत नव्याने माणसं शिकवावी लागतात. 1966 मध्ये यांनी विद्यार्थ्यांचीच एक सहकारी संस्था काढली, अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस पगारी काम. 1959 च्या त्यांच्या बँकेत एक विभाग होता, तिथे चार मित्र उद्योगाची कल्पना घेऊन आले की एक अनुभवी माणूस त्यांच्यासोबत दीड-दोन वर्षं बसून बाजार, यंत्रं, खर्च सगळं तपासायचा. त्या काळातला पगारही कर्ज म्हणून मिळायचा. आपल्या जिल्हा बँकांकडे माणसं आहेत, शाखा आहेत, गावागावात ओळख आहे. असा एक टेबल टाकायला काय हरकत आहे, हे मला खरंच कुणीतरी सांगावं.

सगळं गोड नाही, हेही काकांनीच सांगितलं. त्यांच्या घरगुती उपकरणांच्या फागोर कारखान्याचं 2013 मध्ये दिवाळं निघालं. बहुतेक सभासदांना इतर संस्थांनी सामावून घेतलं किंवा लवकर निवृत्त केलं, पण त्यात गुंतवलेली पुंजी बुडाली. परदेशातल्या कारखान्यांतले कामगार बहुतेक ठिकाणी सभासद नाहीतच. 2022 मध्ये ओरोना आणि उल्मा या दोन मोठ्या संस्था मतदान करून समूहातून बाहेर पडल्या. काकांचेही पैसे बुडाले होते. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली, नातू त्याच विद्यापीठात शिकतो हेही सांगितलं, आणि बारमध्ये आमचे पैसे काही केल्या देऊ दिले नाहीत.

कुणी जाणार असेल तर ऑगस्टमध्ये जाऊ नका, सगळं बंद असतं. मोंद्रागोनला अर्धा दिवस पुरे, ओन्यातीला दोन दिवस ठेवा आणि वर्गात बसायची परवानगी महिनाभर आधी मागा. एखाद्या कारखान्याने संचालकांच्या अभ्यासदौऱ्याऐवजी सभासदांच्या विशीतल्या मुलामुलींना न्यायचं ठरवलं, तर दोन्हीकडचे पत्रव्यवहार, बस आणि मुक्काम ही सगळी जुळवाजुळव मी करून देईन. इथेच कळवा.