क्लोननंतर उरलेले ४६५ जीबी आणि मधे बसलेलं पार्टिशन

५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क १ टीबीच्या एसएसडीवर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. विंडोज विनातक्रार सुरू झालं, फाइली जागच्या जागी होत्या. सी ड्राइव्ह मात्र पूर्वीइतकाच तुडुंब. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर उरलेली जागा सापडली: अगदी उजवीकडे, काळ्या पट्टीखाली, ४६५ जीबी ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली. माझ्या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची मांडणी जशीच्या तशी उतरवली होती. नवी डिस्क मोठी आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

सीवर राइट क्लिक केलं, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट. विंडोजला पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, वाढवायचं तर मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे, खेटून लागते. माझ्याकडे सी आणि मोकळी जागा यांच्यामधे काही शे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून बसलं होतं. डिस्क मॅनेजमेंटला पार्टिशन सरकवता येत नाही, आणि त्या रिकव्हरी पार्टिशनवर राइट क्लिक केलं तर ‘हेल्प’शिवाय काहीच मिळत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग होता मोकळ्या जागेवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करून डी ड्राइव्ह बनवण्याचा. फोटो, व्हिडिओ ठेवायचे असतील तर तेच करावं, पुढचं वाचायचीही गरज नाही. फक्त त्या डीला बॅकअप समजू नये. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही जाणार. माझी अडचण वेगळी होती. जागा खात होते ते सीवरचे प्रोग्रॅम आणि युजर फोल्डर, म्हणून सीच वाढवायला हवा होता.

विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडने रिकव्हरी पार्टिशन उडवून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. विंडोज सुरू व्हायचं थांबलं की हेच पार्टिशन उपयोगी पडतं. म्हणून ते जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने शेवटाला सरकवायचं ठरवलं.

आधी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधे रीएजंटसीला, म्हणजे रिकव्हरी सांभाळणाऱ्या विंडोजच्या कमांडला, ‘डिसेबल’ची आज्ञा दिली. त्याने रिकव्हरीची मुख्य फाइल तात्पुरती सीवर येते. हे टाळू नये, कारण विंडोज त्या पार्टिशनचा डिस्कवरचा पत्ता लिहून ठेवतं आणि पार्टिशन हललं की तो पत्ता चुकतो. मग फास्ट स्टार्टअप बंद करून संगणक नीट शटडाउन केला. तसं केलं नाही तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि अशा डिस्कला बाहेरून हात लावणं धोक्याचं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर तोही आधी काढावा, माझ्याकडे नव्हता. जुनी डिस्क या सगळ्या वेळात काढून बाजूला ठेवली होती. दोन सारख्या डिस्क जोडलेल्या असताना चुकीच्या डिस्कवर क्लिक व्हायला वेळ लागत नाही, आणि काही बिघडलंच तर तीच आधार होती.

जीपार्टेड लाइव्हच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं. रिकव्हरीचा चौकोन माउसने धरून उजव्या टोकाला नेला आणि त्याच फेरीत त्याचा आकार १ जीबी केला. जानेवारी २०२४ मधे हे पार्टिशन लहान पडल्यामुळे विंडोजचा एक अपडेट अनेकांकडे अडकला होता. आता जागेची ददात नाही, मग काटकसर कशाला?

‘अप्लाय’ दाबेपर्यंत जीपार्टेड प्रत्यक्षात काहीच करत नाही, सगळं नुसतं यादीत राहतं. हलवण्याचं काम यादीत टाकतानाच, पार्टिशन हलवल्याने सिस्टिम बूट होणार नाही असं होऊ शकतं, हा इशारा आला. छातीत धस्स होतं खरं. पण सीची सुरुवात हलत नव्हती, हलत होतं ते त्याच्या पलीकडचं. उचलायचा डेटाही जेमतेम, त्यामुळे काम पटकन उरकलं.

सी वाढवायचं काम जीपार्टेडलाही जमतं, पण ते मी विंडोजवर सोपवलं. परत आल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ठळक झालेलं होतं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. रीस्टार्टसुद्धा लागला नाही.

एसएसडीचा दहा टक्के भाग मोकळा सोडावा असंही सांगतात. ट्रिम, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली हे विंडोजने एसएसडीला कळवणं, चालू असेल तर सीच्या आतली रिकामी जागाही एसएसडीच्या कंट्रोलरला वापरता येते, म्हणून वेगळी पट्टी राखली नाही. शेवटी रीएजंटसी ‘एनेबल’ केलं, ‘इन्फो’मधे स्थिती आणि नवा पत्ता पाहिला आणि शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून रिकव्हरीचा निळा पडदा खरंच उघडतो याची खात्री केली. जुनी डिस्क फॉरमॅट केली ती त्यानंतरच.