प्रकाशोपचाराचे कार्ड : सोरायसिसच्या उपचारातील माझा अनुभव

सोरायसिसने मला जितके दमवले नाही, तितके एका रुग्णालयाच्या कपाटात अडकलेल्या जाड पिवळट कार्डाने दमवले. त्या कार्डावर माझ्या प्रकाशोपचाराची प्रत्येक नोंद होती आणि ती नोंद माझ्याच शरीराची असूनही ती हाती येण्यासाठी मला जो खटाटोप करावा लागला, त्याची चीड अजून पुरती ओसरलेली नाही. सोलापुरात राहून किंवा आसपासच्या तालुक्यांतून इथे येऊन जे हा उपचार घेत असतील, त्यांच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

निदान होण्यात काहीच अडचण आली नाही. कोपर, गुडघे, कमरेचा मागचा भाग आणि केसांच्या कडेची त्वचा या ठरावीक जागी लाल चट्टे, त्यांवर चंदेरी खवले आणि नखांवर बारीक खड्डे, एवढे पाहून त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. निरोगी त्वचेच्या पेशी तयार होऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारयंत्रणाच बिथरल्यामुळे हे चक्र काही दिवसांतच पुरे होते आणि खवल्यांचे थर साचत जातात. मी अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. तिथे टेबलावर, वह्यांवर, खांद्यांवर सुताचा पांढरा भुसा सतत बसलेला असतो, त्यामुळे माझ्या बाहीतून पडलेला खवला कोणाच्या लक्षात येत नसे. मला मात्र तो लगेच ओळखू येई, कारण तंतू फुंकरीने उडतो आणि खवला बोटाला चिकटून वर येतो.

मलमांनी चट्टे मऊ पडले, परंतु ते अंगभर पसरू लागल्यावर केवळ मलमावर भागेना. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट या, प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या औषधाच्या गोळ्यांचा विचार केला होता, पण त्यांचा ताण यकृतावर येऊ शकतो आणि रक्ततपासणीत माझ्या यकृताचे आकडे आधीच वाढलेले निघाले, म्हणून तो मार्ग बाजूला राहिला. मग नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार ठरला. यात 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण देणाऱ्या ट्यूब चारही बाजूंनी लावलेल्या उभ्या केबिनमध्ये, डोळ्यांना गडद गॉगल लावून, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड उभे राहावे लागते. सासूबाईंचे म्हणणे असे, की सोलापुरात ऊन फुकट मिळत असताना पैसे मोजून ट्यूबच्या उजेडात कशाला उभे राहायचे. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जाणाऱ्या गावात हा प्रश्न अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. मात्र उन्हात उपयोगाच्या किरणांबरोबर नको असलेले किरणही येतात, त्यांचे मोजमाप करता येत नाही, आणि भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो. केबिनचे सगळे मर्म त्या मोजमापातच आहे.

हे मोजमाप मिलिज्यूलमध्ये होते, म्हणजे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती ऊर्जा पडली याचा हिशेब. माझ्या त्वचेचा वर्ण पाहून सुरुवात 330 ने झाली आणि मागच्या वेळी त्वचा भाजली नाही याची खात्री करून दर खेपेला 45 ची वाढ होत गेली. हिशेबाचीच नोकरी असल्यामुळे मला ही पद्धत मनापासून आवडली. आकडा आठशेच्या पुढे गेला तोवर कोपरांवरचे खवले जवळजवळ गेले होते आणि कमरेवरचा मोठा चट्टा मधून फुटून त्याची बेटे झाली होती.

पुढे जानेवारीत, सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ऐन भरात असताना, केबिनच्या दारावर ‘मशीन बंद आहे’ असा कागद लागला. थंडीत हवा कोरडी होते आणि त्या काळात सोरायसिस हटकून उचल खातो, म्हणजे उपचार थांबण्याची ही सर्वांत वाईट वेळ होती. ट्यूब बदलायच्या आहेत, वरून मंजुरी यायची आहे, कधी येईल ते सांगता येत नाही, एवढेच उत्तर मिळाले. यंत्र बिघडते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या डॉक्टरांनी लगेच शहरातल्या दुसऱ्या केंद्राचा पत्ता दिला आणि मी तिथे गेले. तिथल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट मागितली: शेवटचा डोस किती होता, कोणत्या तारखेला दिला आणि आजवर कधी त्वचा भाजली होती का, हे दाखवणारा कागद. आकडा मला साधारण ठाऊक होता, पण तोंडी सांगितलेल्या आकड्यावर ते किरण देणार नव्हते. त्यांचे बरोबरच होते, कारण आकडा चुकला तर अंग भाजणार माझे आणि जबाबदारी येणार त्यांच्यावर.

तो कागद म्हणजे कार्ड. ते कपाटात होते, कपाट केबिनच्या खोलीत होते, खोलीला कुलूप होते आणि किल्ली रजेवर गेलेल्या तंत्रज्ञांकडे होती. रुग्णाने कार्ड हातात घ्यायचे नाही हा तिथला पहिल्यापासूनचा शिरस्ता, त्यामुळे माझ्याकडे त्याची प्रत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्वचारोग ओपीडीतून मला रेकॉर्ड विभागात पाठवण्यात आले. रेकॉर्ड विभागाने सांगितले, की ते फक्त दाखल झालेल्या रुग्णांचे कागद सांभाळतात, ओपीडीच्या कागदांशी त्यांचा संबंध नाही. मी पुन्हा ओपीडीत गेले, तर तिथे उत्तर मिळाले की कागद द्यायचा अधिकार रेकॉर्डवाल्यांचा. दोन्ही खिडक्या एकाच व्हरांड्यात समोरासमोर होत्या. एकीसमोर उभे राहिले की दुसरीतला माणूस चहा पिताना स्पष्ट दिसत असे.

त्यानंतर प्रशासकीय कार्यालय आले. तिथे विहित नमुन्यात अर्ज करा म्हणाले, पण विहित नमुना कोणाकडेच नव्हता. साध्या कागदावर अर्ज लिहून नेला, तर त्यावर विभागप्रमुखांची शिफारस हवी झाली, आणि विभागप्रमुख ठरावीक दिवशीच भेटतात असे कळले. शिफारस घेऊन गेले, तेव्हा आवक-जावकच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, साहेबांनी बघितल्याशिवाय आम्ही शिक्का मारत नसतो.” साहेब मीटिंगला गेलेले. अर्ज ठेवून जा, बघू, हे त्यांचे शेवटचे उत्तर. शिक्क्याविना ठेवलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज, एवढे मला कारखान्यातल्या कामावरून चांगले ठाऊक होते, म्हणून मी तो उचलून परत आणला.

या सगळ्यात वेळ जात होता आणि प्रकाशोपचारात वेळ जाण्याला थेट किंमत असते. खंड आठवड्याच्या आतला असेल, तर बहुधा तोच डोस पुढे चालू ठेवतात. एक ते दोन आठवड्यांचा असेल, तर साधारण पाव भाग कमी करतात. दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर निम्म्यावर आणतात आणि महिन्याच्या घरात पोहोचला, तर पहिल्यापासून सुरू करतात. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो. माझा शेवटचा डोस 870 होता. त्याच आठवड्यात कागद मिळाला असता, तर मी 870 वरून पुढे गेले असते. नंतरच्या आठवड्यात मिळाला असता, तर 650 च्या आसपास. प्रत्यक्षात तो मिळाला तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते, म्हणजे 435. दर खेपेला 45 ची वाढ आणि आठवड्यातून तीन खेपा धरून कोणीही हिशेब करून पाहावा, की त्या व्हरांड्याने माझी किती आठवड्यांची चढण पुसून टाकली.

गाडे हलले ते एका नियमामुळे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेच्या विनियमांत कलम 1.3.2 असे सांगते, की रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या मागणीची पोच द्यावी आणि 72 तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत. दाखल रुग्णांचा उल्लेख त्याच्या आधीच्या, नोंदी 3 वर्षे जपून ठेवण्याविषयीच्या कलमात आहे. मागणीच्या कलमात तशी अट नाही. हे माझ्या धाकट्या दिरांनी शोधून दिले. मी नवा अर्ज केला. त्यात कलमाचा क्रमांक, 72 तास हे शब्द, केस पेपरचा क्रमांक आणि ‘प्रकाशोपचाराच्या कार्डाची संपूर्ण, दोन्ही बाजूंची प्रत’ अशी नेमकी मागणी लिहिली; सोबत आधार कार्डाची प्रत जोडली आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले. हे विनियम आता जुने झाले असे कार्यालयात एकाने ऐकवून पाहिले. त्यावर दिरांनी शांतपणे सांगितले, की 2023 मध्ये नवे विनियम निघाले होते आणि त्याच महिन्यात ते स्थगितही झाले, म्हणून 2002 चेच लागू आहेत. त्यानंतर साहेबांनी बघण्याची गरज कोणालाच उरली नाही. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का उमटला, आणि ज्या किल्लीसाठी तंत्रज्ञांची रजा संपण्याची वाट पाहायची होती, तिची दुसरी प्रत मुदतीच्या आत सापडली.

तरीही शेवटचा एक घोळ बाकी होताच. कार्ड ए-फोर कागदापेक्षा लांब होते आणि झेरॉक्स काढणाऱ्याने ते तसेच यंत्रावर ठेवल्याने उजवीकडचा मिलिज्यूलचा रकाना कापला गेला. हाती आला तो फक्त तारखांचा आणि सेकंदांचा भाग. सेकंद दुसऱ्या केंद्राच्या उपयोगाचे नसतात. प्रत्येक यंत्राच्या ट्यूबची तीव्रता वेगळी असते, ट्यूब जुन्या होत जातात तशी ती उतरते, आणि तेवढाच डोस द्यायला एका केबिनला लागणारा वेळ दुसरीला लागत नाही. मी तिथेच, टेबलासमोरून न हलता, कार्ड आडवे ठेवून पुन्हा प्रत काढायला लावली. त्या वेळी मूळ कार्ड प्रथमच हातात आले. निळ्या शाईतले आकडे, मध्येच एका ओळीत लाल शाईने ‘किंचित लाली, वाढ नाही’ अशी नोंद आणि कडेला तंत्रज्ञांची आखूड सही, असा तो नीटनेटका कागद होता. ज्या माणसाने इतक्या निगुतीने लिहिले होते, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

नव्या केंद्रात डॉक्टरांनी ते पत्रक वरपासून खालपर्यंत वाचले, लाल शाईच्या ओळीवर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले आणि 435 वर सुरुवात केली. आता कोपर स्वच्छ आहेत, गुडघ्यांवर फिकट डाग उरले आहेत आणि खेपा कमी झाल्या आहेत. हा आजार कायमचा जात नाही, काबूत राहतो, हे मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते. त्यामुळे मी समाधानी आहे.

काही गोष्टी आठवतील तशा सांगते. किरण घेण्यापूर्वी सॅलिसिलिक ॲसिड असलेले मलम लावू नये, कारण ते यूव्हीबी शोषून घेते; कॅल्सिपोट्रिऑलचे मलम किरणांनी निकामी होते, म्हणून ते नंतर लावावे. कोणत्याही दुखण्यासाठी नवे औषध सुरू झाले, तर केबिनमध्ये जाण्याआधी ते सांगावे, कारण काही औषधांनी त्वचा प्रकाशाला जास्त संवेदनशील होते. ज्यांना मेथोट्रेक्सेट दिले जाते, त्यांनी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. हे चिठ्ठीवर वार लिहून घ्यावे आणि औषध दुकानदाराकडून पुन्हा तपासावे, कारण ते रोज घेतले गेल्यास जिवावर बेतते. गजकर्णावर म्हणून दुकानात सहज मिळणाऱ्या स्टेरॉइड मिश्रित ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोरायसिसवर चोळू नयेत, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम थांबवू नयेत. त्याने आजार उसळून येतो. सकाळी उठल्यावर बोटे किंवा टाचा आखडत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि झालेली झीज भरून येत नाही.

जुन्या रुग्णालयातील केबिन पुन्हा सुरू झाल्याचे ऐकते. तिथे जाणाऱ्यांनी दर खेपेनंतर मिलिज्यूलचा आकडा विचारून स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावा आणि शेजारी तंत्रज्ञांची सही मागावी. सही नाकारली गेली, तर यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता त्याच दिवशी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.